रेव्हॉक्स बी७७ हायस्पीड, आठ महिन्यांनंतर: चार रेझिस्टन्सनी वाचवलेलं मशीन

आधी निकाल: स्पूलच्या टेपवर रेकॉर्ड करणारं हे मशीन ठेवणार. तिसऱ्या महिन्यात विचारलं असतंत तर गिऱ्हाईक बघा म्हणालो असतो. हेड, मोटर, टेपचा खर्च यांपैकी कशाचाच वैताग नव्हता. वैताग होता रेकॉर्ड लेव्हलच्या नॉबचा, आणि त्यावर कुणी धड लिहीत नाही म्हणून हा प्रपंच.

बी७७ हे मुळात घरगुती हायफायच्या वळणाचं मशीन. मागे आरसीए सॉकेट, सगळं अनबॅलन्स्ड, म्हणजे सिग्नलची एकच तार आणि भोवती शील्ड. ऑक्स इनपुटला ३५ मिलिव्होल्ट मिळाले की भागतं. आपला इंटरफेस (संगणकाला जोडायचा ऑडिओ डबा) +४ डीबीयूला, म्हणजे स्टुडिओच्या नेहमीच्या लेव्हलला, १.२३ व्होल्ट ओततो, म्हणजे सुमारे ३१ डीबी जास्त. मग नॉब शून्यावरून जरा उचलला की सुई लाल पट्ट्यात जाते. डावा-उजवा नॉब वेगळा, आणि पॉटच्या (नॉबमागच्या बदलत्या रेझिस्टन्सच्या) त्या तळच्या टोकाला केसभर हललं तरी लेव्हल भलतीकडे. स्टिरिओ मिक्स टेपवर उतरवायचा असेल तर हे चालणारच नाही.

यावर विकत मिळणारे 'लेव्हल कन्व्हर्टर' डबे आहेत. घेऊ नका. प्रत्येक चॅनलला ९.१ के आणि १ के असे दोन रेझिस्टन्स लागतात, मेटल फिल्म, १ टक्क्याचे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मूठभर घेतले तरी चहाचे पैसे होत नाहीत. ९.१ के गरम तारेत सिरीजमध्ये लावायचा, त्याच्या पुढच्या टोकापासून शील्डला १ के. २० डीबीचं पॅड, म्हणजे लेव्हल कमी करणारी जोडणी, तयार. हे मशीनकडच्या आरसीए प्लगच्या आत बसवा, म्हणजे लांब केबलला इंटरफेसचा कमी इम्पीडन्सच दिसतो. वर हीट श्रिंक चढवा. नॉब आता मध्याच्या आसपास येतो आणि दोन्ही चॅनल हातानं नीट जुळवता येतात. इंटरफेसला −१० डीबीव्हीची (घरगुती उपकरणांच्या कमी लेव्हलची) सोय असेल तर २.२ के आणि १ के लावा, १० डीबी पुरतात.

इंटरफेसकडून मशीनकडे जाताना टीआरएस जॅकच्या (टिप, रिंग, स्लीव्ह असे तीन भाग असलेल्या) रिंगचं काय करायचं, हे मॅन्युअल उघडून बघा. बऱ्याच इंटरफेसला रिंग मोकळी सोडणंच बरोबर. क्रॉस-कपल्ड आउटपुट (एक तार जमिनीला जोडली तर दुसरी भरपाई करते असं) असेल तर ती त्याच टोकाला स्लीव्हला जोडावी लागते. सरसकट मोनो जॅक खुपसू नका, काही आउटपुट स्टेज त्यानं तापतात. उलट बाजूला, मशीनकडून इंटरफेसच्या बॅलन्स्ड इनपुटकडे, दोन तारांची शील्ड केबल वापरा: आरसीएची पिन टिपला, आरसीएचं बाहेरचं कडं रिंगला, शील्ड कड्यापासून स्लीव्हपर्यंत. साध्या एकतारी केबलपेक्षा हमिंग चांगलंच कमी होतं. लेव्हलचं गणित एवढंच ठेवा: ० व्हीयू (मशीनच्या सुईचा शून्य) म्हणजे इंटरफेसमध्ये −१८ डीबीएफएस (डिजिटलच्या कमाल पातळीखाली १८ डीबी).

आता माझंच मत बदललं ते. पॅड बसलं तरी प्लेबॅकमध्ये घूं घूं उरलीच होती, आणि सगळा दोष मी आरसीएवर ढकलून मोकळा झालो होतो. ते चूक होतं. ही परीक्षा आधीच करायला हवी होती: मॉनिटर स्विच सोर्सवर (आत येणारा सिग्नल) ठेवा, मग टेपवर (हेडनं वाचलेला). दोन्हीकडे हमिंग असेल तर वायरिंग, अर्थिंग किंवा सप्लाय बघा. फक्त टेपवर असेल तर प्लेबॅक हेड जवळपासचं चुंबकीय क्षेत्र ओढतंय. स्पेक्ट्रममध्ये गुळगुळीत ५० हर्ट्झ दिसले तर संशय ट्रान्सफॉर्मरवर, १०० हर्ट्झची खरखर असेल तर सप्लायच्या फिल्टर कंडेन्सरवर. इथं खालच्या कप्प्यातल्या पॉवर अँपचा ट्रान्सफॉर्मर हेडच्या बरोबर खाली येत होता. अँप दोन फूट बाजूला सरकवला, काम झालं. हमिंग घालवायला अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका.

पहिल्यांदा सप्लाय देण्याआधी दोन गोष्टी. व्होल्टेज सिलेक्टर बघा; आपल्याकडे लाइन २३५च्या वर राहत असेल तर २४०च ठेवा. आणि आतले जुने कागदी सप्रेशन कंडेन्सर, पिवळसर पारदर्शक आवरणाचे, तडे गेलेले, काढून टाका. तड्यांतून दमट हवा आत शिरते आणि एक दिवस धूर निघतो. त्याच व्हॅल्यूचे एक्स२ दर्जाचे (मेन्सच्या तारांत लावायला सुरक्षित) फिल्म कंडेन्सर लावा. एका दुरुस्तीवाल्यानं मशीनमधले सगळेच कंडेन्सर बदलायचं अंदाजपत्रक हातात ठेवलं होतं. हे सप्रेशनवाले आणि बायसचे (रेकॉर्डिंगमध्ये मिसळायच्या उच्च वारंवारतेच्या सिग्नलचे) खरखरणारे ट्रिमर एवढ्यावर भागलं. बाकीचे मोजून बघा आणि बिघडलेलेच बदला.

अलाइनमेंटचा (हेड आणि सर्किट जुळवण्याचा) क्रम मोडू नका. आधी हेड ९९ टक्के आयसोप्रोपिलनं पुसा. पिंच रोलरच्या रबरावर मात्र ते ओतू नका, तिथं सौम्य साबणाचं पाणी. मग डीमॅग्नेटाइझ: मशीन बंद, कांडी हातभर लांब असताना चालू करायची, हळू जवळ न्यायची, हळू लांब नेऊनच बंद करायची. हेडजवळ बंद केली तर होतं त्यापेक्षा वाईट होऊन बसतं. टेपचे डबे तेव्हा दुसऱ्या खोलीत. त्यानंतर एमआरएलच्या (ठरलेल्या लेव्हलचे सिग्नल असलेल्या) कॅलिब्रेशन टेपवर प्लेबॅकचा अॅझिमथ (हेडचा टेपशी काटकोन), मग लेव्हल आणि ईक्यू. एनएबी की आयईसी (ईक्यूची दोन मानकं) ते आधी ठरवा. सेकंदाला ३८ सेंमी वेगाला एनएबीचा आकडा ५० मायक्रोसेकंद, आयईसीचा ३५, आणि घोळ झाला तर ट्रेबल बिघडतो. प्लेबॅक पक्का झाल्यावरच रेकॉर्ड हेड आणि बायस. १० किलोहर्ट्झ −२० व्हीयूला रेकॉर्ड करत बायस वाढवत न्यायचा. सुई चढून परत उतरायला लागते, ती कमाल जागेपासून टेपच्या डेटाशीटमधल्या आकड्याइतकी उतरली की थांबायचं. एसएम९११ सारख्या टेपला ३८ वर साधारण ३ डीबी, पण रेकॉर्ड हेडच्या गॅपनुसार बदलतं. प्लेबॅक आधी न जुळवता बायस लावणारे खूप आहेत. आरशावर डाग ठेवून दाढी करण्यासारखं आहे ते.

टेपवरून संगणकात परत घेताना सुरुवातीला एक क्लिक रेकॉर्ड करा. रेकॉर्ड आणि प्लेबॅक हेडमधल्या अंतराइतका उशीर होतो, १९ वर ३८च्या दुप्पट. क्लिक बघून ट्रॅक सरकवायचा, आणि हे प्रत्येक गाण्याला नव्यानं करायचं, कारण लांब टेकमध्ये वेग किंचित हलतो.

पावसाळ्याचं वेगळं सांगतो. कोकणपट्टीत जूननंतर टेप उघड्या रॅकवर ठेवू नका. बंद डब्यात सिलिका जेल, आणि महिन्याला ते तापवून कोरडं करायचं. टेप शेवट बाहेर राहील अशी गुंडाळलेली ठेवा, फास्ट वाइंड न करता, म्हणजे शेजारच्या थराचा उमटलेला आवाज आधी न येता नंतर येतो आणि गाण्यात लपतो. स्वस्तात मिळालेली जुनी अँपेक्स ४५६ टेप घेऊन मशीनवर चढवू नका. बाइंडर (चुंबकी थर धरून ठेवणारा गोंद) ओल शोषून चिकट झालेला असतो, तो हेडवर उतरतो आणि टेप किंचाळत थांबते. ५४ अंशांना सुमारे आठ तास भाजून ती काही काळ वाजते. पण भाजणं जुनं रेकॉर्डिंग वाचवण्यासाठी, नव्या रेकॉर्डिंगसाठी नाही. जुन्या अॅसिटेट टेपला तर उष्णता दाखवूच नका.

खर्चाचा हिशेब: ७६२ मीटरचा स्पूल ३८ वर ३३ मिनिटं जातो, १९ वर ६६. ड्रम आणि अंतिम मिक्स ३८ वर, बाकी सगळं १९ वर, असं सध्या चाललंय. आवाजातला फरक ऐकू येतो, पण स्पूलची किंमत त्याहून जास्त ऐकू येते.