जुना कर्बी क्लासिक थ्री: उघडला, घासला, पॉलिश केला आणि दिवाळीपासून वापरतेय

दिवाळीच्या साफसफाईपासून आमच्या घरात कार्पेटवर फक्त हाच व्हॅक्यूम फिरतोय. अख्खा हिवाळा गेला, रस्त्यावर टाकलेलं मीठ बुटांना चिकटून घरभर यायचं ते सगळं याने ओढलं, आता उन्हाळाही अर्धा संपत आला, त्यामुळे अनुभव लिहायला हरकत नाही. मशीन म्हणजे कर्बी क्लासिक थ्री, १९७० च्या दशकातला. बॉडी ॲल्युमिनियमची, हँडलला लटकलेली लांब कापडी बॅग, पुढे छोटासा हेडलाइट. आम्ही ओहायोत राहतो, इथे एस्टेट सेल असतात, म्हणजे कुणी घर सोडलं किंवा कुणी गेलं की घरातलं सगळं सामान तिथेच विकायला मांडतात, तिथे तळघराच्या कोपऱ्यात हा उभा होता. चाळीस डॉलर. ॲल्युमिनियम इतकं काळपट झालेलं की माझ्या मैत्रिणीला ते रंगवलेलं वाटलं.

ओहायोत हा मिळणं तसं नवल नाही. व्हॅक्यूम क्लीनरचं माहेरच हे आहे. कँटन गावात जेम्स मरे स्पँगलर नावाचा एक माणूस एका दुकानात साफसफाईचं काम करायचा, त्याला दमा होता, झाडताना उडणाऱ्या धुळीने जीव घाबरा व्हायचा, म्हणून त्याने पंख्याची मोटर, फिरता ब्रश आणि उशीचा अभ्रा जोडून स्वतःच मशीन बनवलं. १९०८ ला पेटंट मिळालं, ते हूवर नावाच्या चामड्याचं सामान करणाऱ्या माणसाने घेतलं आणि पुढे ते नाव जगभर झालं. कर्बी त्याच भागातला, क्लीव्हलंडचा. जिम कर्बीने स्कॉट आणि फेट्झर यांच्या कारखान्याबरोबर आधी वीज न लागणारा, ढकलला की चाकांवर पंखा फिरणारा व्हॅक्युएट काढला आणि कर्बी नावाचं पहिलं मॉडेल १९३५ ला आलं. घरोघरी जाऊन कार्पेटवर करून दाखवायचं आणि विकायचं ही यांची पद्धत. १९८६ पासून ती कंपनी वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेकडे होती. एवढं सांगायचं कारण असं की हे मशीन मुळातच दुरुस्त करून पुन्हा वापरायचं म्हणून बनवलेलं आहे, मूळ मालकाला मशीन कारखान्यात पाठवून ते सगळं उघडून, घासून, पॉलिश करून परत मिळण्याची सोय कर्बीने ठेवलेली होती. माझा सेकंडहँड, त्यामुळे ते काम घरीच.

तर माझं पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणणं: पॉलिश शेवटी. जुना कर्बी हातात आला की पहिल्याच संध्याकाळी बॉडी चमकवायला घ्यावीशी वाटते, आणि व्हिडिओंमध्येही तेवढंच दाखवतात, आधी काळा नंतर आरसा. पण आत मोटर कोरडी आणि वायर तडकलेली असेल तर त्या आरशाचा उपयोग काय? माझ्याच वायरचं रबर प्लगपाशी इतकं कडक झालेलं की वाकवलं की भेगा दिसायच्या, ती आधी पूर्ण बदलली. हे मशीन दोन वायरचं आहे, अर्थिंग नाही, आणि बॉडी धातूची, म्हणजे आत कुठे करंट बॉडीला लागला तर थेट आपल्या हातात. म्हणून सगळं जोडून झाल्यावर मल्टिमीटरने प्लगच्या दोन्ही पिना आणि बॉडी यांच्यात काही लागतंय का ते बघायचं, काहीही दाखवलं तर प्लग लावायचाच नाही. पहिल्यांदा चालवतानाही गॅरेजमधला जीएफसीआयवाला सॉकेट वापरायचा, करंट गळला तर तो लगेच ट्रिप होतो. वायरिंगची सवय नसेल तर एवढं काम व्हॅक्यूम रिपेअरच्या दुकानात द्या, ते पैसे वाया जात नाहीत.

मोटरमध्ये कार्बन ब्रश, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे, झिजून बारके राहिलेले, ते नवे घातले, दोन्ही बेअरिंग बदलली कारण हाताने फिरवलं तरी खरखर येत होती. हे तुकडे ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल भाग, म्हणजे कम्युटेटर, काळा पडलेला, तो अगदी बारीक सँडपेपरने साफ केला. इथे एमरी पेपर वापरू नका, त्याचे कण वीज वाहून नेतात आणि तांब्याच्या पट्ट्यांच्या फटीत बसले की नवीच कटकट. नवे कार्बन लावल्यावर सुरुवातीला थोड्या ठिणग्या दिसतात, ते बसेपर्यंत चालतं, नंतर कमी व्हायला हव्यात.

पंखा मात्र जरूर बघा. कर्बीत कचरा आधी पंख्यातून जातो आणि मग बॅगेत, म्हणजे कार्पेटवरचं नाणं, स्क्रू, खडा सगळं थेट पात्यांवर आदळतं. पातं तुटलं की मशीन थरथरतं आणि तसंच चालवलं तर बेअरिंगची वाट लागते. माझ्याकडच्याची पाती शाबूत होती, कडांना बारीक टवके होते तेवढेच.

आता पॉलिश. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि मला ते फार आवडलं.

सासूबाई तेव्हा सांगलीहून आल्या होत्या. त्या डबा उघडल्यासारखे मांडलेले सुटे भाग बघून म्हणाल्या, "अगं, कुकरमध्ये चिंच टाकतो ना काळा पडू नये म्हणून, तशी चिंच लावून बघ की." आणि त्यांचं अगदी बरोबर होतं. चिंचेत टार्टारिक आम्ल असतं, ते ॲल्युमिनियमवरचा काळपट थर काढतं, कुकरमध्ये तेच होतं. चिंचेच्या कोळाने पुढच्या नोझलचा बराच काळेपणा गेला, मग भरपूर पाण्याने धुतलं. उलट धुण्याचा सोडा, ओव्हन क्लीनर, डिशवॉशर यापासून ॲल्युमिनियम लांब ठेवा, अल्कलीने ते काळं-राखाडी पडतं आणि पृष्ठभाग खाल्ला जातो. पण चिंचेने काळेपणा जातो, चकाकी येत नाही. चकाकी यायची तर पृष्ठभाग सपाट करावा लागतो, म्हणजे ओरखडे त्याहून बारीक ओरखड्यांनी घासून काढायचे, इतके बारीक की शेवटी डोळ्याला दिसतच नाहीत.

मी ३२० च्या वॉटर पेपरपासून सुरुवात केली (नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक), मग ४००, ६००, ८००, १०००, १५००, २०००. पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून ओलं घासायचं. प्रत्येक नंबरला दिशा बदलायची, एकदा आडवं एकदा उभं, म्हणजे आधीच्या पेपरच्या रेघा गेल्या का ते स्पष्ट कळतं, आणि त्या पूर्ण गेल्याशिवाय पुढचा नंबर घ्यायचा नाही, ३२० ची एक रेघ जरी राहिली तरी २००० ला पोचल्यावर तीच आधी दिसते आणि मग सगळं परत मागे जाऊन करावं लागतं. हे काम कंटाळवाणं नाही, निदान मला तरी नाही वाटलं, ओल्या बोटाखाली पृष्ठभाग बदलतो तो कळतो. ओतीव भाग असल्यामुळे कुठे कुठे बारीक खड्डे असतात, ते घासून काढायच्या नादात कडा पातळ करू नका. खड्डे राहू द्या.

मग बेंच बफर, म्हणजे टेबलावर बसवलेलं कापडी चाकांचं पॉलिशचं मशीन. आधी शिवलेलं कडक कापडी चाक आणि तपकिरी ट्रिपोली, नंतर मऊ सुटं चाक आणि पांढरा रूज; ट्रिपोली आणि रूज ही चाकाला लावायची पॉलिशची कंपाउंड, पहिलं जाड, दुसरं बारीक. दोन कंपाउंडची चाकं वेगळी हवीत, एकच चाक दोन्हीला वापरलं की जाड कण बारीक कामात येतात. भाग चाकाच्या मध्याच्या खालच्या बाजूला धरायचा आणि कड कधीच चाकाच्या समोरून द्यायची नाही, कड अडकली की तो भाग हातातून हिसकावून फेकला जातो. ढगळ हातमोजे, ओढणी, मोकळे केस, काहीही नको. डोळ्यांना चष्मा, नाकाला चांगला मास्क. आणि हे फार कमी लोक सांगतात: ज्या जागी लोखंड ग्राइंड करून ठिणग्या उडवता तिथे ॲल्युमिनियमची धूळ साचू देऊ नका, गंजाचा आणि ॲल्युमिनियमचा भुगा एकत्र पेटला तर ती आग साधी नसते.

शेवटी कोपऱ्यांत कंपाउंडचा काळा थर राहतो, तो मिनरल स्पिरिटने पुसला आणि मग कॉर्नस्टार्च घेऊन मऊ कापडाने कोरडं चोळलं, तेलकटपणा सगळा त्यात उतरतो. त्यावर हाताने मेटल पॉलिश आणि पातळ मेण. लॅकर, म्हणजे वरून मारायचा पारदर्शक लेप, मारला नाही. त्याने चमक थोडी मंद होते, आणि एकदा कुठे टवका उडाला की त्याच्या खालून डाग पसरतो, मग सगळा खरवडून काढा.

हे सगळं भाग सुटे असताना करायचं, जोडलेल्या मशीनवर नाही. घासल्याचा चिखल बेअरिंगमध्ये गेला तर नवी बेअरिंग पंधरवड्यात जुनी.

सगळे भाग आरशासारखे करायची गरज नाही असं माझं मत झालंय. मोटरभोवतीचं कवच आणि हेडलाइटभोवतीचा वरचा भाग मी पूर्ण आरसा केला. नोझलच्या खालच्या कडा, ज्या रोज दाराला आणि पलंगाच्या पायाला लागतात, त्या ६०० वर थांबवल्या, मंद रेशमी दिसतात आणि नवा ओरखडा त्यात मिसळून जातो. इतक्या महिन्यांनंतर हा निर्णय एकदम योग्य वाटतोय. वरचा आरसा अजून छान आहे, फक्त हँडलच्या मुळाशी जिथे मी उचलताना हात लावते तिथे घामाने ढग आल्यासारखं होतं, महिन्यातून एकदा पॉलिशचं कापड फिरवलं की जातं.

आता वापराबद्दल. कार्पेट हा जसा साफ करतो तसं मी आधीच्या प्लास्टिकच्या मशीनमध्ये पाहिलं नव्हतं. पंखा नोझलच्या अगदी मागे असल्यामुळे हवेचा रस्ता आखूड आणि रुंद, त्यात ब्रश कार्पेट अक्षरशः थोपटून काढतो. उंची पायाने पेडल दाबून ठरवता येते, नोझल वर घेऊन हळूहळू खाली आणायचं, ब्रश कार्पेटला लागला की आवाज बदलतो, तिथे थांबायचं. ब्रश रोलच्या टोकांना १, २, ३ असे आकडे असतात, ब्रशचे तंतू झिजत गेले की पुढच्या आकड्यावर फिरवून ब्रश खाली आणायचा. किती साधी आणि किती विचार करून केलेली सोय आहे ही! आमच्या घरात लांब केसांच्या आम्ही तिघी, त्यामुळे ब्रशला केस गुंडाळतात, पण खालची प्लेट काढली की रोल हातात येतो, कात्रीने कापायचे आणि परत लावायचा, स्क्रूड्रायव्हरही लागत नाही.

होज लावून सोफा, खिडक्यांचे ट्रॅक वगैरे करायचं तर मात्र हा कमी पडतो. या पद्धतीच्या पंख्याने हवा खूप वाहते पण ओढ तेवढी जोरदार नसते, लांब बारीक नळीतून ती आणखी मरते. त्या कामाला आम्ही छोटा वेगळा व्हॅक्यूम ठेवलाय. जिन्यावरही हा जड, ७-८ किलोच्या घरात वजन, आणि नंतरच्या मॉडेल्ससारखा स्वतः पुढे सरकणारा गिअर यात नाही, ती सोय १९९० च्या जनरेशन थ्रीपासून आली. आवाजही मोठा, बाळ झोपलं असेल तर विसरा.

मूळ कापडी बॅग झटकून रिकामी करायची असते, आणि तिच्यातून बारीक धूळ बाहेर येते. मुलीला ॲलर्जी आहे, म्हणून मी नंतरच्या मॉडेलची बाहेरची बॅग आणि आत एकदा वापरून फेकायची हेपा बॅग (अगदी बारीक धूळही अडवणारी) बसवली. जुनं रूप थोडं बदलतं, संग्राहकांना ते पटणार नाही. मला पटतं, स्पँगलरने जी गोष्ट धुळीने दम लागतो म्हणून बनवली तिने घरात धूळ सोडू नये. मूळ बॅग धुऊन नीट ठेवलीये.

ब्रश फिरवणारा बेल्ट आतापर्यंत एकदा बदलला, काही डॉलरचा असतो. ठेवून देताना पुढची चावी फिरवून बेल्ट शाफ्टवरून उचलून ठेवायचा, सारखा ताणलेला राहिला की सैल पडतो.

पुण्याची बहीण विचारत होती, भारतात नेता येईल का. मोटर युनिव्हर्सल प्रकारची आहे, तिला ५० हर्ट्झ की ६० याने फरक पडत नाही, पण व्होल्टेजने पडतो. हा १२० व्होल्टचा, तिकडे २३० थेट दिला तर संपलाच, म्हणून चांगला दणकट स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. पण मी तिला नको म्हटलं. याची खरी ताकद भिंतीपासून भिंतीपर्यंतच्या कार्पेटवर आहे, आपल्याकडच्या फरशीला केरसुणी आणि ओलं फडकं जास्त चांगलं काम करतं.

घ्यायचा असेल तर सेलमध्ये काळपटपणाकडे बघू नका, तो जातो, आणि त्यामुळेच किंमत कमी असते. आधी नोझल काढून पंख्याच्या पात्यांवर बोट फिरवा, मग पंखा हाताने फिरवा, खरखर आली तर बेअरिंगचा खर्च धरा, वायर प्लगपाशी वाकवून बघा, नोझल आणि हँडलच्या जोडाला तडा आहे का बघा. तडा गेलेलं ओतीव ॲल्युमिनियम घरी नीट जुळत नाही, तो सोडून द्या, दुसरा मिळेल. आणि विकणाऱ्याकडे जुना होज आणि जास्तीचे ब्रश खोक्यात पडलेत का ते विचारा, बहुतेक वेळा ते दुसऱ्याच खोलीत वेगळे ठेवलेले असतात.