खुलं वाय-फाय की बिलावरचा कोड?

कॉफी शॉपमध्ये फुकट वाय-फाय द्यायचं ठरलं की दोन मार्ग दिसतात: कुणीही जोडावं असं खुलं नेटवर्क, किंवा बिलावर छापलेला तासाभराचा कोड. स्टारबक्सने २०१० साली अमेरिकेत पहिला मार्ग धरला. नोंदणी आणि वेळेचं बंधन दोन्ही काढून टाकलं.

खुल्या नेटवर्कमुळे काउंटरवर "पासवर्ड काय?" हा प्रश्नच उरत नाही. गर्दीच्या वेळी हे फार मोलाचं. पण एका कपावर अख्खी दुपार टेबल अडवणाऱ्यांना आवर राहत नाही, शेजारच्या इमारतीतले लोकही जोडून बसतात.

कोडमुळे टेबलं रिकामी होत राहतात. मात्र व्हिडिओ कॉल मध्येच तुटला की ग्राहक चिडतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

सुरक्षेबाबत मोठा गैरसमज आहे. लॉगिनच्या पानावर कोड टाकला म्हणजे नेटवर्क सुरक्षित झालं, असं नाही. आधी जोडताना पासवर्ड लागत नसेल तर वाय-फाय हवेतला डेटा सहसा एन्क्रिप्ट करत नाही, म्हणजे इतरांना वाचता येणार नाही अशा रूपात बदलत नाही. २०१८ साली आलेलं 'एन्हान्स्ड ओपन' हे वाय-फायचं तंत्र पासवर्डशिवाय एन्क्रिप्शन देतं, पण ते राउटर आणि फोन दोन्हींत हवं. बिलिंगचं मशीन तर कुठल्याही परिस्थितीत ग्राहकांच्या नेटवर्कवर नको.

माझं मत: टेबलं मोजकी असतील तर कोड द्या, आणि संपला तर दुसरा हसत द्या. जागा ऐसपैस असेल तर नेटवर्क खुलं ठेवा. फक्त प्रत्येक फोनला वेगाची मर्यादा घाला, म्हणजे एकाच्या डाउनलोडपायी बाकीचे ताटकळणार नाहीत.