पर्वती चढावी की डोळे मिटून बसावं?

पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये एमपीएससीची पोरं दिवसदिवस खुर्चीला चिकटून असतात. पूर्वपरीक्षा जवळ आली की मान आखडते, झोप उडते, चहा वाढतो. मग दोन सल्ले हमखास मिळतात: ‘ध्यान कर’ आणि ‘जरा पळून ये’.

ध्यानाला खर्च शून्य. आहे त्या खुर्चीत पाठ सरळ करायची, नाकपुडीपाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा. मन कटऑफकडे पळालं की न चिडता परत आणायचं. इगतपुरीच्या धम्मगिरीत विपश्यनेची सुरुवात याच आनापानाने होते. पण ते शिबिर 10 दिवसांचं, मौनाचं, मोबाइल जमा करून. परीक्षेच्या तोंडावर त्याच्या वाटेला जाऊ नये. शिवाय ज्याचं डोकं आधीच भणभणतंय, त्याला गप्प बसवलं तर सुरुवातीला विचार आणखीच अंगावर येतात. हे फारसं कुणी सांगत नाही.

व्यायामाचं तसं नाही. पर्वतीच्या पायऱ्या झपाझप चढताना धाप लागली की निकालाची चिंता आपसूक मागे पडते, आणि रात्री झोपही बरी लागते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे रोजची वीस-बावीस मिनिटं. तेवढा वेळ टपरीवर सहज जातो!

माझं मत विचाराल तर आधी पाय हलवा. ध्यान पेपरच्या दिवशी कामी येतं: परीक्षा हॉलमध्ये पळता येत नाही, चार श्वास मात्र बघता येतात. आणि उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल तर थेट डॉक्टर गाठा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लावा. तिथे मराठीतही बोलता येतं.