सीईटीची टेस्ट सिरीज घेताय? आधी मायनस मार्किंग बघा

एकूण 11,879 रुपये गेले. टेस्ट सिरीजचे 3,499, त्यावर 'जीएसटी' म्हणून 630, छापील संचांचे 1,250 (संच आलेच नाहीत) आणि परीक्षेच्या तोंडावर 'पर्सनल मेंटॉर'चे 6,500. पैसे गेल्याचा राग आहेच. मुलीचं जे नुकसान झालं त्याचा राग त्याहून मोठा आहे.

टेलिग्रामचा ग्रुप, लातूर पॅटर्नचं नाव, टॉपर मुलांचे फोटो, 'ही फी आज रात्री 12 पर्यंतच'. हे कसं चालतं ते नव्याने सांगायला नको. आम्ही तालुक्याच्या गावात राहतो. इथे सीईटीचा धड क्लास नाही आणि पोरीला पुण्यात ठेवायची ऐपत नाही. दीड तासात पन्नास गणितं सोडवायची तर सराव पेपरांना पर्याय नाही, हे कुठलाही शिक्षक सांगेल. मी पैसे मुलीच्या अभ्यासावर घातले, लॉटरीवर नाही.

पहिलीच टेस्ट देऊन मुलगी म्हणाली, "बाबा, चुकलेल्या उत्तरांचे मार्क कापलेत. सीईटीला मायनस नसतं ना?"

नसतंच. पीसीएमला फिजिक्स-केमिस्ट्रीच्या शंभर प्रश्नांना एकेक मार्क, गणिताच्या पन्नास प्रश्नांना दोन-दोन, एकूण 200, आणि चुकीला काहीही कापत नाहीत. इथे प्रत्येक बरोबर उत्तराला चार आणि चुकीला वजा एक, म्हणजे सरळ जेईईचा हिशोब. कुठली तरी जुनी सिरीज उचलून वर सीईटीचं नाव चिकटवलं होतं. मी लगेच फोन केला. 'सर' म्हणाले, "मुद्दाम ठेवलंय, त्याने अचूकता वाढते." आणि मी गप्प बसलो. सीईटी सेलचं माहितीपत्रक त्याच फोनमध्ये होतं. पोरीला दिसलं ते तिथेच थांबायला पुरेसं होतं, हे आठवलं की अजून झोप उडते. पण स्वतःला आयआयटीयन म्हणवणाऱ्या माणसाला माझ्यासारख्या बी. ए. झालेल्या बापाने गणित-फिजिक्सच्या परीक्षेवरून काय ऐकवायचं?

त्या 'अचूकते'ने घात केला. खात्री नसलेला प्रश्न सोडून द्यायची सवय तिला लागली आणि खऱ्या सीईटीतही तिने वीसेक प्रश्न कोरे ठेवले. जिथे एकही प्रश्न कोरा ठेवायचा नसतो, तिथे!

पर्सेंटाइल मात्र दर टेस्टला चढत होतं: 84, 89, 93. खरं पर्सेंटाइल त्याच सत्रात बसलेल्या बाकीच्या मुलांशी तुलना करून निघतं. यांचं कशावरून निघत होतं? परीक्षेनंतर भाच्याने त्याच खात्यावरून एक टेस्ट कोरी सबमिट केली. आलं 96.

पैसे परत मागितले तसं ग्रुपमधून काढलं, नंबर ब्लॉक केला. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला, फोन लावला, तक्रार नोंदवली. नंतर सांगण्यात आलं की तुम्ही स्वतःहून पैसे भरले, टेस्ट मिळाल्या, मग हा ग्राहकाचा वाद आहे. ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला, विक्रेत्याचा पत्ता हवा. पत्ता असता तर मीच गेलो नसतो का? बँक म्हणाली, यूपीआयचा पिन तुम्हीच टाकलात. पोलीस ठाण्यात एक साहेब म्हणाले, "अहो, इथे लाखांची प्रकरणं पडून आहेत, अकरा हजारांचं काय घेऊन बसलात?" अकरा हजारांत माझ्या घराचा महिन्याचा किराणा, वीजबिल आणि धाकट्याची फी बसते, साहेब. आणि असे अकरा हजार किती घरांतून गेलेत, ते मोजायला कुणी बसलंय का? प्रत्येकाने पुढच्या दाराकडे बोट दाखवलं आणि तो माणूस मात्र एकाच नंबरवर निवांत आहे.

जीएसटी घेतात तर बिलावर पंधरा अक्षरी जीएसटी नंबर मागा आणि सरकारी पोर्टलवर तपासा. मला बिलच दिलं नव्हतं आणि पैसे कुणा व्यक्तीच्या खात्यात गेले. पहिल्या टेस्टचे मार्क माहितीपत्रकाशी ताडून बघा, जुळले नाहीत तर त्याच दिवशी भांडा. जेईई, नीट देणाऱ्यांसाठी त्या परीक्षा घेणाऱ्या एनटीएच्याच सराव परीक्षा फुकट आहेत, आधी त्या सोडवून घ्या. अकरावीची पुस्तकं रद्दीत घालू नका, सीईटीत साधारण 20 टक्के भाग तिथलाच असतो. यूपीआयच्या पावत्या आणि चॅट पहिल्या दिवसापासून जपून ठेवा, ब्लॉक झाल्यावर काही हाती लागत नाही.

कालच भाच्याने दाखवलं. त्याच नंबरवरून नव्या नावाचा ग्रुप निघालाय, आता कॉलेज प्रवेशाच्या फेऱ्यांसाठी: 'कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म भरून देतो, फी फक्त 2,999.' त्याचा स्क्रीनशॉट मी तक्रारीला जोडलाय. अजून कुणाचा फोन आलेला नाही.