घरच्या डीव्हीडीत नुसती भजनं टाकून वापरली, त्याचा अनुभव

दिवाळीपासून ही डीव्हीडी आमच्या घरी अन् गावातल्या आणखी काही घरी चालून राहिली, आता उन्हाळा लागला, म्हणजे चांगली घासून झाली म्हणायला हरकत नाही. आधीच सांगतो, ज्याच्या घरी सगळे मोबाइलवरच पाहतात त्याने हे नाही वाचलं तरी चालते. ज्याच्याकडे अजून डब्बा टीव्ही आहे, खाली डीव्हीडी प्लेयर आहे अन् समोर बसणारे साठीच्या वरचे आहेत, त्याच्या कामाचं आहे हे.

आमचं गाव तिवसा तालुक्यात, मोझरी जवळच. गावचं भजन मंडळ जुनं, तुकडोजी महाराजांच्या वळणाचं, खंजिरी अन् हार्मोनियम. सप्ताहाचा व्हिडिओ गावातल्याच एका पोट्ट्याने काढला होता, सव्वा तासाच्या आसपास, आणि आमच्या मोठ्या बाबांकडे मंडळाच्या जुन्या कॅसेट, ज्याच्यात गाणारे अर्धे लोक आता नाहीत. मोठे बाबा म्हणे, "व्हिडिओच्या मागे ह्या कॅसेटही बसव ना बाबू, एकाच तबकडीत होते का पाय." म्हणजे व्हिडिओ आहे तसा राहू दे, अन् त्याच डिस्कवर नुसत्या आवाजाची भजनं.

ऐकायला सोपं वाटते पण व्हिडिओ डीव्हीडीच्या नियमात चित्राशिवाय गाणं बसतच नाही. प्रत्येक ट्रॅकला व्हिडिओ पाहिजे म्हणजे पाहिजे, मग तो काळा पडदा का असेना. आणि एमपीथ्रीही चालत नाही, आवाज पीसीएम, एसी-थ्री नाही तर एमपीटू (हे आवाज साठवायचे प्रकार) मध्ये लागतो अन् तोही ४८ किलोहर्ट्झवर, सीडीचा ४४.१ वाला बदलून घ्यावा लागते. बरेच जण सांगतात का डिस्कवर व्हिडिओच्या बाजूला एमपीथ्रीचं फोल्डर टाकून दे, काम संपलं. कॉम्प्युटरवर दिसते ते फोल्डर, पण प्लेयरला व्हिडिओ_टीएस चं (डीव्हीडीचा व्हिडिओ ज्याच्यात असते ते) फोल्डर दिसलं का तो सरळ व्हिडिओच सुरू करतो, बाकीच्याकडे ढुंकून पाहत नाही. आमच्या गावातल्या एकाही प्लेयरने ती भजनं दाखवली नाहीत.

पेनड्राइव्ह काहून नाही, हा प्रश्न येणारच. प्लेयरला यूएसबी आहे, एमपीथ्री वाजतेही, पण मराठीत नाव दिलेल्या फाइलीच्या जागी स्क्रीनवर चौकोनाच्या रांगा. इंग्रजीत नाव दिलं तर मोठ्या बाबांना वाचता येत नाही. मग त्या रांगांमधून पाहिजे ते भजन शोधायचं कसं? खरं सांगू तर ह्या एका गोष्टीपायी मी डीव्हीडीच्या मागे लागलो, आणि इतक्या महिन्यांनंतर तीच गोष्ट सगळ्यात कामाची निघाली. चित्र टाकणं सक्तीचंच आहे ना, मग त्या चित्रावर भजनाचं नाव अन् गाणाऱ्याचं नाव मोठ्या अक्षरात लिहून टाकायचं.

सुरुवातीला साधा काळा पडदा ठेवून पाहिला होता, आरडब्ल्यू (पुसून परत लिहिता येते अशा) डिस्कवर, खास चाचणीसाठी. शेजारचे काका पंधरा-वीस सेकंद पाहत राहिले अन् म्हणे, "काहून रे, टीव्ही गेला काय? आवाज तर येऊन रायला." उठून टीव्हीच्या डोक्यावर थाप मारायला निघाले होते. काळ्या पडद्याचा विषय तिथंच संपला.

चित्र बनवताना जे कळलं ते जरा सविस्तर सांगतो कारण हे कुठं कोणी मराठीत सांगत नाही. डब्बा टीव्ही चित्राच्या चारही कडा थोड्या खाऊन टाकतो, म्हणून नाव अगदी खाली किंवा कोपऱ्यात लिहू नका, चारही बाजूंनी दहावा हिस्सा मोकळा सोडा. दुसरं, आपल्या अक्षराची शिरोरेषा. बारीक फॉन्ट घेतला तर ती आडवी रेघ टीव्हीवर सारखी थरथरते, कारण टीव्ही एका वेळी एकाआड एक ओळी काढतो अन् एकाच ओळीची रेघ असली तर ती दिसते-जाते दिसते-जाते. मोबाइलवर, लॅपटॉपवर हे अजिबात दिसत नाही, टीव्हीवर लावल्यावरच कळते. ठसठशीत जाड फॉन्ट घ्या, अन् पूर्ण चित्र अगदी हलकंसं धूसर करा, थरथर जाते. मागचा रंग गडद ठेवा, पांढरा नको, अर्धा अर्धा तास एकच चित्र राहते तर डोळ्यालाही त्रास अन् जुन्या पिक्चर ट्यूबलाही. आणि फोटो ७६८ बाय ५७६ पिक्सेल मापाचा करून मग आत घ्या. डीव्हीडीत तो ७२० बाय ५७६ होऊन बसतो, टीव्ही परत ताणून चार-तीनचा करतो, माणसांची तोंडं मग बरोबर दिसतात. नाही तर गाणारे सगळे फुगलेले दिसतात, अन् घरचे लोक तेवढंच पाहतात.

कॅसेटचा आवाज टेपच्या हेडफोनच्या भोकातून लॅपटॉपमध्ये घेतला, ऑडॅसिटी नावाच्या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये, सेटिंग आधीच ४८००० करून, म्हणजे मागून बदलायची भानगड नाही. खरखर काढायचा जो पर्याय आहे तो जपून वापरा. जास्त ओढला तर खंजिरीच्या चकत्यांचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा होते. थोडी खरखर राहू दिली मी, मोठ्या बाबांना त्याचं काही नाही. सगळ्या भजनांचा आवाज मात्र एका पातळीवर आणा, नाही तर एक भजन संपून दुसरं लागलं का रिमोट शोधत पळा.

जोडणी डीव्हीडीस्टायलर ह्या डीव्हीडी बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये केली, फुकट आहे, विंडोज अन् लिनक्स दोन्हीवर चालते. त्याच्या आधी शॉटकट मध्ये (व्हिडिओ जोडायचं सॉफ्टवेअर, हेही फुकट) सगळी भजनं अन् त्यांची चित्रं एकामागे एक लावून एकच लांब व्हिडिओ काढला. हे महत्त्वाचं आहे. प्रत्येक भजनाला वेगळं टायटल (डिस्कवरचा स्वतंत्र व्हिडिओ) करता येते, ९९ पर्यंत चालतात, पण मग रिमोटचं पुढचं बटन दाबलं तर आमच्या प्लेयरवर पुढच्या टायटलवर जात नाही, आणि दोन टायटलच्या मधात प्लेयर थोडा अडखळतो. एकाच टायटलमध्ये चॅप्टर (आतल्या आत भाग पाडायच्या खुणा) टाकले का पुढचं-मागचं बटन बरोबर भजनागणिक चालते. चॅप्टरही ९९ पर्यंत. चॅप्टरची खूण भजन सुरू व्हायच्या अर्धा सेकंद आधी ठेवा, मधात थोडी शांतता ठेवली असली तर सूर कापला जात नाही.

एक दोस्त म्हणे, सप्ताहाच्या व्हिडिओलाच दुसरा ऑडिओ ट्रॅक म्हणून भजनं टाक, आठ ट्रॅक चालतात. चालतात, पण मग चित्र सप्ताहाचं अन् आवाज कॅसेटचा, अन् ऑडिओ बटन पोट्ट्यांच्या हाताने दाबल्या गेलं तर घरात कोणालाच परत आणता येत नाही. नको ते.

जागेचं म्हणाल तर डिस्क ४.७ जीबीची, कॉम्प्युटर ४.३७ दाखवतो, घाबरू नका. पीसीएम आवाज तासाला जवळपास ६९० एमबी खाते, एसी-थ्री १९२ केबीपीएस वर ठेवलं तर तासाला ८६ च्या आसपास. कॅसेटवरून आलेल्या आवाजाला पीसीएम देणं म्हणजे उगाच, मी एसी-थ्रीच ठेवलं अन् वाचलेली जागा सप्ताहाच्या व्हिडिओला दिली. न हलणाऱ्या चित्राला तशीही जागा कमीच लागते.

मेनूत दोनच बटनं, "सप्ताह" अन् "जुनी भजनं". एका पानावर ३६ बटनं बसतात म्हणून ३६ टाकायची नसतात. भजन संपल्यावर परत मेनूवर यायचं सेटिंग करून ठेवा, नाही तर प्लेयर थांबून आपला लोगो दाखवत बसतो.

बर्न करायच्या (डिस्कवर लिहायच्या) आधी आयएसओ फाइल, म्हणजे पूर्ण डिस्कची एकच फाइल, बनवून व्हीएलसी प्लेयर मध्ये पाहून घ्या, मग आरडब्ल्यू वर, मग खरी डिस्क. घरोघरी द्यायला डीव्हीडी-आर (एकदाच लिहिता येते ती) घ्या, आरडब्ल्यू काही जुन्या प्लेयरना वाचताच येत नाही. वेग कमी ठेवला, आणि लॅपटॉपची बॅटरी भरून असतानाच बर्न केलं, कारण लाईन कधी जाईल काही सांगता येत नाही अन् मधात तुटली का ती डिस्क कचऱ्यात. डिस्क आता तालुक्याला मिळत नाही, अमरावतीवरून आणल्या. एक पाकीट अगदी हलकं निघालं, त्यातल्या डिस्क लॅपटॉपवर चालायच्या अन् प्लेयरवर अडकायच्या, कंपनीचं नाव घेत नाही. वर कागदी स्टिकर अजिबात लावू नका. एकीकडे निघालं तर डिस्क आत फसते, साध्या सीडी मार्करने लिहा.

आता खरी परीक्षा झाली ती वापरात. सप्ताहाचा व्हिडिओ सुरुवातीला दोन-चारदा सगळ्यांनी पाहिला, कोण कुठं बसलं होतं ते शोधलं, झालं. भजनं मात्र रोज संध्याकाळी लागतात. टीव्हीकडे कोणी पाहत नाही, स्वयंपाक चालू असते, मोठे बाबा ओट्यावर असतात, पण नवीन भजन लागलं का आतून काकू नाव वाचून सांगते, हे अमक्याचं आहे. महिला मंडळाने मागणी केली का स्क्रीनवर बोलही दाखव, म्हणजे म्हणता येते. ते जमण्यासारखं आहे, एका चित्राच्या जागी कडव्यागणिक एक चित्र लावायचं एवढंच, पण बोल कॅसेट ऐकून टाइप करायला माणूस पाहिजे. एका भजनाचं केलं, वेळ लय गेला, तरी ते भजन आता सगळ्यात जास्त लागते.

धूळ हा एक त्रास आहे. कापूस घरात भरला होता तेव्हा दोन घरच्या प्लेयरचे लेन्स मळले, डिस्क वाचेना, दोष डिस्कला दिला. लेन्स पुसल्यावर त्याच डिस्क चालल्या. उन्हात मात्र ठेवू नका, आमच्या इकडे पारा पंचेचाळीसच्या वर जाते अन् खिडकीत राहिलेली डिस्क खराब होते. आयएसओ फाइल लॅपटॉपवर अन् एका पेनड्राइव्हवर दोन्हीकडे ठेवली आहे. कोणाची डिस्क घासली का रिकामी डिस्क घेऊन या, चहा होईपर्यंत नवीन निघते.