अल्झायमर: घरी मदतनीस की निवासी केंद्र?
अल्झायमरच्या मधल्या टप्प्यात, जेव्हा आई गॅस बंद करायला विसरते किंवा ओळखीच्या गल्लीतही वाट चुकते, तेव्हा घरी मदतनीस ठेवावा की निवासी केंद्र पाहावे, हा प्रश्न कुटुंबापुढे येतो. घरी तीच खोली आणि तीच माणसे असल्याने गोंधळ कमी होतो. मात्र संध्याकाळी वाढणारी अस्वस्थता आणि रात्रीची जाग यांचा भार, मदतनीस गेल्यावर, बहुधा सुनेवर किंवा मुलीवरच पडतो (आणि तिच्या थकव्याची विचारपूस क्वचितच होते). केंद्रात चोवीस तास देखरेख मिळते, परंतु जागाबदलाने सुरुवातीला भ्रम वाढू शकतो, खर्चही मोठा. माझ्या मते, घरातल्यांना रात्रीची झोप मिळते आहे तोवर घरच बरे. रुग्ण रात्री बाहेर पडू लागल्यास केंद्राची चौकशी लांबवू नये, आणि तेथे रात्रपाळीला किती कर्मचारी असतात, हे आधी विचारावे.