कथा उत्तम, चित्रे चुकीची, बांधणी निकृष्ट: आफ्रिकी सशाच्या लोककथांचा संग्रह, नऊ महिन्यांच्या वाचनानंतर

गेल्या महिन्यात एका रात्री कलुलु नावाच्या सशाची कथा वाचत असताना या पुस्तकाचा कणा मधोमध उकलला आणि पानांचा एक जाड गठ्ठा सुटून माझ्या मांडीवर आला. नऊ महिन्यांत या पुस्तकाने रोज रात्री एकदा उघडले जाण्यापलीकडे काहीही सोसलेले नव्हते. ते दप्तरात गेले नाही, पावसात भिजले नाही. पुठ्ठ्याची बांधणी म्हणून जादा पैसे घ्यायचे आणि आत मात्र पाने शिवायची नाहीत, नुसती गोंदाने चिकटवायची, हा प्रकार मला ते पुस्तक फाटल्यानंतरच कळला. विक्रेत्याला मी फोटो पाठवले, तेव्हा पुस्तक बदलून देण्याची मुदत दहा दिवसांची असते असे उत्तर आले. गोंदाची बांधणी दहा दिवसांत तुटत नाही, ती वापरानेच तुटते, तेव्हा अशा दोषाला दहा दिवसांची मुदत लावण्याला काही अर्थ नाही, असे मी सविस्तर लिहिले. त्यावर तोच मजकूर आणखी दोन वेळा आला. १४९९ रुपये ही माझ्या दृष्टीने लहान रक्कम नाही, आणि ती मी पूर्ण विचार करून खर्च केली होती.

किंमत, पानसंख्या आणि आकार घेणाऱ्यांना ठाऊकच असतो, म्हणून त्यात शिरत नाही. मी नववर्षाच्या सुट्टीपासून सात वर्षांच्या नातीला हा इंग्रजी संग्रह समोर धरून मराठीत सांगत आले आहे. बहुतेक कथा तिने तीन-चार वेळा ऐकल्या आहेत, त्यामुळे खालचे मत पहिल्या वाचनाचे नाही.

माझी मुख्य तक्रार बांधणीची नसून चित्रांची आहे. मुखपृष्ठावर आणि आतल्या जवळजवळ प्रत्येक कथेत पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा, गुबगुबीत पाळीव ससा काढलेला आहे. हा प्राणी या कथांमधला नाही. इंग्रजीत पाळीव सशाला रॅबिट आणि या कथांमधल्या रानसशाला हेअर असे दोन वेगळे शब्द आहेत आणि मजकुरात योग्य शब्द वापरलेला आहे; चित्रकाराने मात्र तो वाचलेला दिसत नाही. मराठीत आपण दोघांनाही ससाच म्हणतो, म्हणून आपल्या मुलांची फसगत अधिक होते. पिंजऱ्यातला पांढरा ससा हा मूळच्या युरोपातल्या, जमिनीत बिळे करून राहणाऱ्या प्राण्याचा वंशज आहे. आफ्रिकेच्या गवताळ प्रदेशातला ससा हा आपल्या माळरानावरच्या सशाचा सख्खा भाऊ: लांब पायांचा, मातकट रंगाचा, बीळ न करणारा रानससा. सातारा जिल्ह्यात आमच्या शेतात नांगरट चालू असताना सशाची पिल्ले सापडत, तेव्हा वडील आम्हाला ती दुरून दाखवीत. अंगावर केस आलेली, डोळे उघडे असलेली ती पिल्ले ढेकळांच्या आडोशाला निश्चल बसलेली असत. बिळातल्या सशाची पिल्ले उघडी-नागडी आणि डोळे मिटलेली जन्मतात; रानसशाच्या पिल्लांना तेवढी सवड नसते, कारण त्यांना लपायला घर नाही.

हा फरक मी इतका लावून धरते, कारण माझ्या मते कथांचा सगळा पाया त्यातच आहे. ज्याला पळून जायला बीळ आहे त्याला बुद्धी लढवण्याची तितकी गरज पडत नाही. उघड्या रानात, सिंह, तरस, हत्ती आणि शिकारी यांच्यामध्ये, ज्याच्याकडे केवळ कान, पाय आणि जीभ एवढेच आहे, त्या प्राण्याला कथाकारांनी नायक केले आहे. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर त्याला सुंगुरा म्हणतात, मलावी आणि झांबियात कलुलु, झिंबाब्वेच्या शोना लोकांत त्सुरो, सेनेगलच्या वोलोफ भाषेत लक. एवढ्या दूरदूरच्या लोकांनी तोच प्राणी निवडला, तर त्याचे चित्र काढताना चित्रकाराने त्याला एकदा तरी नीट पाहावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. एका चित्रात तर सुंगुरा रात्री बिळात झोपलेला दाखवला आहे. ते पान मी पहिल्या दिवसापासून नातीसमोर उलटून टाकते.

आता कथांविषयी. पहिल्या दोन महिन्यांत माझे मत प्रतिकूल होते, हे प्रामाणिकपणे नोंदवते. ससा खोटे बोलतो, चोरी करतो, सोबत्याला संकटात सोडून पळतो, आणि बहुतेक वेळा सुटतो. झांझिबारकडच्या एका कथेत तो बुकू नावाच्या मोठ्या उंदराला घेऊन सिंहाच्या झाडावर मध खायला जातो. सिंह आल्यावर तो उंदराला सांगतो की मला गवतात गुंडाळून खाली टाक, आणि त्या गवताच्या भाऱ्यातून स्वतः निसटतो. उंदीर सिंहाच्या तोंडी पडतो. हे मुलांना का सांगायचे, असा प्रश्न मला पडला होता आणि मी पुस्तक परत करण्याचाही विचार केला होता. (तेव्हाही मुदत संपलेलीच होती.) ते मधाचे झाड म्हणजे स्वाहिलीत म्बुयु, आपली गोरखचिंच, हे समजल्यावर नातीला ती कथा आवडली; मला आवडली नाही.

माझे मत बदलले ते पाणवठ्याच्या कथेमुळे. दुष्काळ पडतो, सगळे प्राणी मिळून विहीर खणायचे ठरवतात, ससा अंग चोरतो आणि कामाला येत नाही. पाणी लागल्यावर त्याला मज्जाव होतो आणि पहारा बसतो. तो मधाचा भोपळा घेऊन येतो, पहारेकऱ्याला बोटभर चाटवतो आणि म्हणतो, हा मध इतका गोड आहे की बांधून घेतल्याशिवाय तो खाता येत नाही. पहारेकरी स्वतःहून हातपाय बांधून घेतो आणि ससा पोटभर पाणी पिऊन उरलेले गढूळ करून जातो. एकामागून एक बलवान प्राणी असे फसतात. शेवटी कासव पुढे येते, पाठीला चिकट लेप लावून पाण्यात बुडी मारून गप्प बसते, आणि ससा पाण्यात पाय घालतो तोच चिकटतो. बळाने जे कोणाला जमले नाही ते त्याच्याहून दुबळ्या आणि त्याच्याहून शांत प्राण्याने केले. काही ठिकाणी तो तेथूनही सुटतो, काही ठिकाणी सुटत नाही. ही कथा वाचल्यानंतर मी मागच्या सगळ्या कथा पुन्हा वाचल्या आणि मला दिसले की सांगणाऱ्यांनी सशाला आदर्श म्हणून उभा केलेलाच नाही. सिंहाला तो फसवतो तेव्हा ते त्याच्या बाजूचे असतात. दुष्काळात सगळ्यांच्या श्रमाचे पाणी तो चोरतो तेव्हा ते कासवाच्या बाजूचे होतात. पाण्यासाठी श्रमदान केलेल्या गावात वाढलेल्या माणसाला हा न्याय समजावून सांगावा लागत नाही.

त्याच कथांमध्ये पुनरावृत्ती आहे अशीही माझी तक्रार होती, तीही मी मागे घेते. हत्ती आणि पाणघोडा यांना वेगवेगळे गाठून प्रत्येकाला ‘मी तुला ओढून दाखवतो’ असे आव्हान द्यायचे, एकाच दोराची दोन टोके दोघांच्या हाती द्यायची आणि मधल्या झाडीत लपून बसायचे, ही कथा संग्रहात दोन रूपांत आहे. मला ती जागा वाया घालवणे वाटले होते. नातीने मात्र दुसरे रूप ऐकताना काय बदलले ते शोधायला सुरुवात केली, आणि तेव्हापासून दोन्ही रूपे एकाच रात्री वाचण्याचा तिचा आग्रह असतो. तिची सर्वांत आवडती कथा घराची आहे. सिंह सशाच्या घरात दबा धरून बसतो. ससा बाहेरून ओरडतो, ‘घरा, घरा, कसा आहेस?’ उत्तर येत नाही. मग तो मोठ्याने म्हणतो, रोज तर माझे घर उत्तर देते, आज आत कोणीतरी असावे. सिंह आतून उत्तर देतो आणि ससा निघून जातो. गेले सहा महिने आमच्या दारात शाळेतून आल्यावर हा प्रश्न विचारला जातो आणि आतून मी उत्तर द्यायचे नसते.

प्रस्तावनेत स्वाहिली कथनाची रीत दिली आहे, त्याबद्दल संपादकांचे आभार मानते. सांगणारा ‘पाउक्वा’ म्हणतो, ऐकणारे ‘पाकावा’ म्हणतात, आणि मगच कथा सुरू होते. आम्ही ती रीत पाळतो. दिवा मालवल्यावर अंधारातून ‘पाकावा’ येईपर्यंत मी कथा सुरू करत नाही.

संग्रहाची सर्वांत मोलाची गोष्ट मला चौथ्या महिन्यात सापडली. प्रत्येक कथेच्या शेवटच्या पानाच्या तळाशी, अगदी बारीक अक्षरांत, ती कथा कोणत्या लोकांची आणि कोणी कधी टिपली हे दिलेले आहे. ‘आफ्रिकेतील एक कथा’ असे म्हणून मोकळे न होता प्रत्येक कथा तिच्या माणसांच्या नावावर ठेवणे हे मी या प्रकारच्या बालपुस्तकांत क्वचित पाहिले आहे. तेथूनच कळले की एडवर्ड स्टीअर यांनी झांझिबारमध्ये ऐकलेल्या स्वाहिली कथा १८७० मध्ये छापल्या, आणि विल्हेल्म ब्लीक यांनी दक्षिण आफ्रिकेतील खोइखोइ लोकांच्या कथा त्याआधी १८६४ मध्ये प्रसिद्ध केल्या. सेनेगलच्या लकवर लेओपोल्ड सेंघोर यांनी अब्दुलाय साजी यांच्यासह १९५३ मध्ये शाळेचे वाचनपुस्तक लिहिले. सेंघोर पुढे १९६० मध्ये त्या देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. लकचा प्रतिस्पर्धी बूकी म्हणजे तरस. गुलाम करून अटलांटिकपलीकडे नेलेल्या माणसांबरोबर बूकी हे नाव लुइझियाना आणि हैतीपर्यंत गेले आणि तिथल्या कथांत टिकले, ही माहिती त्या बारीक अक्षरांत वाचली त्या रात्री मी बराच वेळ पुस्तक मिटले नाही.

खोइखोइ लोकांची कथा स्वतंत्रपणे सांगितली पाहिजे, कारण तिच्यात ससा चतुर नाही, उतावळा आहे. चंद्र एका किड्याबरोबर माणसांना निरोप पाठवतो की मी जसा मरतो आणि मरून पुन्हा जगतो, तसे तुम्हीही मराल आणि पुन्हा जगाल. वाटेत ससा भेटतो, मी जास्त वेगाने पळतो म्हणून निरोप आपल्याकडे घेतो, आणि माणसांना उलटेच सांगतो: मी जसा मरून संपतो तसे तुम्हीही संपाल. चंद्र संतापून त्याच्या तोंडावर लाकूड मारतो; तेव्हापासून सशाचा ओठ फाटलेला आहे. आपल्याकडे चंद्राला शशांक म्हणतात, कारण त्याच्या अंगावर ससा आहे. तिकडे त्याच चंद्राने सशाला मारले. नातीने त्यानंतर कोजागरीला चंद्राकडे पाहून जे प्रश्न विचारले त्यांची उत्तरे मला देता आली नाहीत.

आमच्या परिचयातील एका गृहस्थांनी पुस्तक चाळून ‘हे सगळे आपल्या पंचतंत्रातूनच गेलेले आहे’ असे सांगितले. सिंहाला विहिरीत त्याचेच प्रतिबिंब दाखवणारा ससा पंचतंत्रात आहे, त्या ग्रंथाचे आठव्या शतकात अरबीत भाषांतर झाले आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याचा अरबी जगाशी जुना संबंध आहे, हे सर्व खरे आहे. पण दोराची कथा पंचतंत्रात नाही, मधाच्या भोपळ्याची नाही, आणि चंद्राच्या निरोपाची तर नाहीच. दुसऱ्यांच्या आजीने सांगितलेली प्रत्येक चांगली गोष्ट आपल्या आजीची ठरवण्याची घाई मला पटत नाही.

घ्यावे की नाही असे कोणी विचारले, तर घ्यावे, पण कागदी आवृत्ती घ्यावी, कारण बांधणी दोन्हींची सारखीच गोंदाची आहे आणि पुठ्ठ्याचे जादा पैसे वाया जातात. आणि घेतल्याबरोबर ती बाइंडरकडे नेऊन शिवून घ्यावी. माझी प्रत आमच्या पेठेतल्या बाइंडरने २२० रुपयांत दोऱ्याने शिवून, नवे अस्तर लावून दिली आहे आणि ती आता सपाट उघडते. पांढऱ्या सशांना नातीने तपकिरी आणि काळ्या पेन्सिलींनी रंगवायला घेतले असून अकरा पाने झाली आहेत; बिळाच्या चित्रावर तिने गवत काढले आहे. शिवण्याआधी कडा कापताना मात्र खालचा समास थोडा गेला आणि काही पानांच्या तळाची ती बारीक अक्षरे अर्धी कापली गेली. फोटो काढून ठेवले होते म्हणून मजकूर हाती आहे. शोना, चेवा (मलावी-झांबियातले लोक) आणि वोलोफ ही नावे मी पानांच्या बाजूला शाईने लिहून घेतली आहेत, अजून सहा कथांची राहिली आहेत.